ढगळ गवसणी

मी एक जुना ट्युबा आहे, मित्रांनो. पितळेचा, पोट सुटलेला, तीन कळांचा. वरातीत ट्रम्पेटवाले पुढे मिरवतात आणि मी आपला मागून भों भों करत चालतो. म्हणून मुरबाडकडे मला कुणी ट्युबा म्हणत नाही, सगळे भोंगाच म्हणतात. म्हणोत बापडे! मी थांबलो की पुढच्यांचे पाय चुकतात, हे बँडवाल्यांना पक्कं ठाऊक आहे.

लांब उत्तरेकडच्या एका कारखान्यात नळ्या तापवून, वाकवून मला घडवलं. तिथून मुरबाडच्या बँडपार्टीत आलो आणि वैशाखरे गावच्या गोमाच्या खांद्यावर बसलो. वीस वर्षं आम्ही लग्नं वाजवली, भीमजयंतीच्या मिरवणुका वाजवल्या. गोमा मला चिंचेनं घासायचा, पाटाच्या पाण्यात बसवून अंघोळ घालायचा. अंगावर पांघरूण काय, तर खताच्या दोन गोण्या उसवून शिवलेली खोळ. पण ती घट्ट होती हो! तिच्यात मला कधी साधा ओरखडा आला नाही.

मग गोमाचे पुढचे दोन दात पडले. फुंकलेली हवा फटीतून निसटायला लागली. पार्टीचे मालक भले माणूस, त्यांनी मला गोमाकडेच ठेवून दिलं. त्या दिवशी गोमा मला मांडीवर घेऊन ओटीवर नुसता बसून राहिला. तेव्हा त्याची लेक मनाली पुढे आली. म्हणाली, "बाबा, मी बघू का फुंकून?"

काय दम होता पोरीचा, काय सांगू! पहिल्याच वर्षी तिनं मला असं वाजवलं की वरातीतली म्हातारी माणसं मागे वळून बघायला लागली, भोंग्याखाली कोण आहे म्हणून. मी इतका कधी फुललो नव्हतो.

पुढे ठाण्याला एका सरकारी बँड पथकाची भरती निघाली. स्वतःचं वाद्य आणायचं आणि वाजवून दाखवायचं. वयाच्या अटीत मनालीचं ते शेवटचं वर्ष. लागली तर कायमची नोकरी, नाही तर पुन्हा विचारायला कुणी येणार नव्हतं. गोमाला झोप लागेना. म्हणाला, "गोणीत घालून नेशील व्हय पोरी? लोक काय म्हनतील? चल शहापूरला, चांगली गवसणी घेऊ."

शहापूरच्या बाजारात माधुरीताईंचं दप्तरं आणि वाद्यांच्या गवसण्या शिवायचं दुकान आहे. त्यांच्याकडे माझ्याजोग्या दोन निघाल्या. किंमत एकच. ताईंनी मला पहिलीत घातलं, चेन लावली, पट्ट्याला धरून उचललं आणि चांगलं हलवलं. मी जागचा हाललो नाही. मग दुसरीत घातलं. तिच्यात मी चांगला वीतभर इकडून तिकडे गेलो आणि आतून ठण्णकन आवाज आला.

"काका, पहिली न्या," ताई म्हणाल्या. "अंगाबरोबर बसलीय."

आणि इथेच माझं नशीब फिरलं! गोमा हसून म्हणाला, "अंगाबरोबर कशाला? जरा मोठी बरी असते. हिला शाळेचा डरेस मी कधी अंगाबरोबर घेतला नाय. दोन बोटं वाढतीच घेतली, म्हनून पुरली."

"बाबा, तो काय वाढनार हाय व्हय?" मनाली म्हणाली.

दुकानातलं कुणीतरी खुदकन हसलं. गोमाचं तोंड एवढंसं झालं. ते बघून मनालीनं पटकन दुसरी गवसणी उचलली आणि म्हणाली, "नाय नाय, हीच घेऊ. हीच चांगली हाय."

मला तोंड असून काय उपयोग? कुणी फुंकल्याशिवाय मला बोलता येत नाही.

घरी आल्यावर गोमानं सगळ्या मोकळ्या जागेत भाताचा पेंढा भरला, आंब्याची अढी घालावी तसा. किती मायेनं कोंबत होता! पण मुरबाडपासून एसटीला आचके बसत गेले, तसा पेंढा तळाशी बसत गेला. कल्याण येईपर्यंत मी गवसणीत मोकळा झालो होतो. एका खड्ड्याला माझ्या कळा सीटच्या लोखंडावर आपटल्या. मनालीनं मला पोटाशी धरलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चाचणीच्या मैदानात तिनं पहिला सूर लावला. माझ्या तोंडातून पेंढ्याची एक काडी उडाली. साहेब लोक हसले. तिनं दुसरी कळ दाबली, ती खालीच अडकली. तिनं बोटानं ओढून वर काढली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडकली. तिसऱ्यांदा साहेबांनी हात वर केला आणि पुढचं नाव पुकारलं. मनाली मला उचलून बाजूला आली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

परत आलो तेव्हा गावच्या फाट्यावर गोमा सकाळपासून उभा होता. "काय झालं गो?"

"माझाच दम कमी पडला, बाबा."

"आनि भोंगा? नीट पोचला ना?"

"एकदम नीट. गवसणी लय भारी हाय, खरचटलंसुद्धा नाय."

मी खांद्यावरच होतो. माझी कळ वाकलेली होती. असं खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं आणि त्याचा राग येईना, रडू येत होतं.

आता मनाली मुरबाडच्या एका कंपनीत डबे भरते. मी खुंटीला आहे. मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. वाद्याला गवसणी घ्याल तेव्हा त्याला आत घाला, उचला, हलवा. आतून आवाज आला तर ती परत ठेवा, कितीही आवडलेली असो. आणि आपलं माणूस मायेपोटी चुकत असेल तर दुकानातच सांगा. जरा रुसेल, पण नंतर सांगायचं धाडस होत नाही.

गोमा आल्यागेल्याला अजून सांगतो, "गवसणी मी एक नंबर निवडली. पोरीचाच दम कमी पडला." दम वाढावा म्हणून तो रोज संध्याकाळी अडुळशाचा काढा उकळतो. कडूजहर! मनाली कामावरून येते, पदराला हात पुसत तो पेला घेते आणि एका दमात रिकामा करते. "आता बरं वाटतं ना गो?" तो विचारतो. ती म्हणते, "हो बाबा. जरा जरा वाढतोय."