उजवीकडची बाई

क्लबात सगळे त्याला 'कात्री' म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटायचं सोडाच, आतून बरंच वाटे. महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ही हौशी फोटोवाली मंडळी जमायची, एकेकाचे फोटो पडद्यावर लावायची आणि त्यांवर बोलायची. फोटो कोणाचाही असो, कात्रीचं मत ठरलेलं. "चांगलाय. पण इथून कापा." आणि गंमत म्हणजे कापल्यावर फोटो खरंच सुधारायचा! नजरच तशी होती मेल्याची. सगळा जन्म दातांच्या कवळ्या बनवण्यात गेलेला. केसाएवढं जास्त राहिलं तरी माणसाच्या तोंडात टोचतं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

क्लबाचे नियमही त्यानंच घालून दिलेले. फोटो कोणाचा ते सांगायचं नाही. ज्याचा असेल त्यानं मूग गिळून गप्प बसायचं. बोलणाऱ्यानं आधी काहीतरी चांगलं सांगायचं, मग काय सुधारता येईल ते सांगायचं. नुसतं वा-वा चालायचं नाही, नुसती चिरफाडही नाही. आणि सगळ्यांचं झालं की शेवटी कात्री बोलणार. असं करत एका फोटोला पाचेक मिनिटं सहज मिळायची.

या खेपेला त्याचा डोळा त्या पाच मिनिटांवर होता.

बायको जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. धाकट्या भावाचा फोन यायचा, पण तिचा विषय निघाला रे निघाला की स्वारी हवापाण्यावर घसरायची. शेजारच्या वहिनींनी तर हात जोडले. "भाऊजी, जुनं काढून जिवाला त्रास करून घेऊ नका." अहो, काढू नका काय काढू नका! त्रास जुनं काढण्याचा नव्हताच. काढायला समोर कोणी नव्हतं, हा त्रास होता. मूलबाळ नव्हतं. कामावरून येऊन तो दिवा लावायचा, एक कप चहा करायचा, आणि सबंध घरात कपात चमचा फिरल्याचा तेवढा आवाज व्हायचा. माणसानं किती एकटं असावं याला काही सुमार? त्याला फार काही नको होतं. चार माणसांनी पाच मिनिटं तिच्याबद्दल बोलावं, बस्स.

आता तिचा फोटो शोधायचा म्हटलं तर तेही सोपं नव्हतं. ह्या बाबानं आयुष्यभर जिन्यांचे, सावल्यांचे आणि गंजक्या कड्यांचे फोटो काढलेले! शेवटी एक सापडला. खिडकीचा पडदा वाऱ्यानं फुगलेला, ऊन त्यातून आरपार आलेलं, आणि उजव्या कडेला ती. अर्धा खांदा चौकटीच्या बाहेर, चेहरा किंचित हललेला, तोंड हसून काही बोलताना उघडलेलं. फोटोत खोट काय आहे हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? तरी त्यानं तो पाठवला. क्लबात ती कधी आली नव्हती. "रविवारी तरी मला झोपू द्या," म्हणायची. त्यामुळे तिला कोणी ओळखण्याची भीती नव्हती.

रविवारी फोटो पडद्यावर आला. ती एवढी मोठी झालेली त्यानं कधी बघितली नव्हती.

"वा! काय ऊन पकडलंय!" बेकरीवाला म्हणाला. "पडदा तर हाताला लागेल असा आलाय."

"पडद्याच्या चुण्या बघा, चुण्या," अध्यक्ष म्हणाले. हे पूर्वी बसवर कंडक्टर होते, अजूनही मागच्या रांगेला ऐकू जाईल असंच बोलत. "फक्त ती उजवीकडची बाई..."

"हो ना! ती कशाला मध्येच? धड आत नाही, धड बाहेर नाही."

"आणि हललीय. तोंडही उघडंच!"

"लक्ष जातं तिच्याकडे विनाकारण."

कात्री खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकला. पण बोलणार काय? नियम त्याचाच होता.

"थांबा, करूनच बघू," म्हणत अध्यक्षांनी संगणकावर चौकट आत ओढली. खांदा गेला, केस गेले, मग चेहरा गेला. पडद्यावर नुसता पडदा उरला. सुरेख! मंडळींनी चक्क टाळ्या वाजवल्या. कोणाचं चुकलं होतं म्हणावं? जे शिकवलं तेच त्यांनी केलं. आणि मग सगळ्या माना कात्रीकडे वळल्या. शिष्यांनी शाबासकीसाठी बघावं तशा.

"बोला कात्री. जमलं ना?"

'जमलं' म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, आणि तो घरी जाऊन चहा करायला मोकळा. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. आधी चांगलं सांगायचं, एवढंच त्याला सुचलं.

"दात छान आलेत," तो म्हणाला.

सगळे खो-खो हसले. कवळीवाल्याला दुसरं काय दिसणार!

"पुढचे दोन एकमेकांवर चढलेत बघा," तो तसाच पुढे बोलत राहिला. "किती वेळा म्हटलं, सरळ करून देतो, घरचंच काम आहे. ऐकेल तर शपथ. म्हणे, तुमच्या दुकानात सगळे दात सरळच आहेत की, ते बघा."

हसू एकदम थांबलं. पहिल्यांदा समजलं ते सिस्टरला. इस्पितळात नोकरी करणारी ही बाई सभेत सहसा बोलत नसे. ती उठली, संगणकापाशी गेली आणि तिनं ती चौकट परत उजवीकडे सरकवली. आधी चेहरा आला, मग केस, मग अर्धा खांदा.

"काय बोलत होत्या?" तिनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. त्या दिवशी ऊन कुठून येत होतं, भिंग कुठलं लावलं होतं, सगळं त्याच्या जिभेवर होतं. ती काय म्हणाली ते काही केल्या आठवेना.

"लक्षात नाही," तो म्हणाला. "माझं लक्ष पडद्याकडे होतं."

मग बेकरीवाल्यानंच खाकरून सुरुवात केली. "चहा गार होतोय, असं असेल."

"छे! चहासाठी ती बोलवायची नाही. कप आणून हातात द्यायची."

"मग केस विस्कटलेत, आत्ता काढू नका?"

"तिला केसांचं काय! आरशात कधी बघायची नाही."

"पुरे झालं आता, आवरा, असं?" अध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं. त्यांचा हळू आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

"आवरा म्हणाली असती तर एवढं हसून? अहो, चिडली की ती अजिबात बोलायचीच नाही. भांडी आपटायची."

प्रत्येकाचं तो खोडून काढत होता. चेहरा लाल झालेला, डोळ्यांना पाणी, आणि बोलायचा थांबत नव्हता. वर्षभरात मिळून बोलला नसेल इतकं तो तिथं उभ्या उभ्या बोलला.

शेवटी सिस्टर म्हणाली, "मला वाटतं, त्या म्हणत असतील, अहो, तुम्हीपण या ना इकडे."

तो पडद्याकडे बघत राहिला. त्या दोघांचा मिळून एकही फोटो घरात नव्हता.

हे मात्र त्यानं खोडलं नाही.