काच कोरडी असताना

मऊ, मध्यम, कडक. फोनवर शिकवणाऱ्या ॲपमधल्या तीन आवाजांपैकी वहिनींनी मऊ निवडला.

रुग्णालयाच्या तळघरात दिवसाला नऊशे चादरी धुतल्या जातात.

बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी आग बंद. पंपाला हात लावायचा नाही. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी गेलं की बॉयलर फुटतो.

एक सही राहिली होती.

सही बॉयलरवाल्या काकांची. ती मिळाली की धुलाईखात्यातल्या वहिनींना बॉयलर चालवायच्या परीक्षेला बसता येणार होतं, आणि परीक्षा पास झाली की बारा वर्षांच्या ओल्या ओझ्यातून सुटका. गुडघे केव्हाचे कुरकुरत होते. म्हणून चार महिने त्या काकांच्या हाताखाली सराव करत होत्या आणि जेवणाच्या सुट्टीत फोनमधल्या शिक्षिकेकडे शिकत होत्या. शिक्षिका म्हणजे नुसता आवाज, पण काय गोड! शाळेत कायम बोलणी खाल्लेल्या वहिनी आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता शिकल्या. चुकलं की आवाज म्हणे, "काही हरकत नाही, पुन्हा बघूया." बरोबर आलं तरी सूर तोच. आग, पाणी, स्फोट, सगळं त्याच एका सुरात.

त्या सकाळी काका म्हणाले, "वहिनी, काच बघा."

काच कोरडी ठणठणीत. उत्तर वहिनींना तोंडपाठ होतं, तरी हात गेला पंपाच्या बटणाकडे, अगदी निवांत.

"अगंबाई, चुकलंच की!" त्या हसल्या. "काही हरकत नाही, पुन्हा..."

काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने बर्नर बंद केला. मग काचेच्या दोन्ही तोट्या उघडल्या. काचेत पाणी चढलं. बॉयलरमध्ये पाणी होतंच; परीक्षा बघायला काकांनीच तोट्या बंद करून काच रिकामी केली होती.

"पुन्हा कोण बघणार?" काका हळूच म्हणाले. "तुम्ही? का वर झोपलेले पेशंट?"

वहिनींचं हसू मावळलं. "मला येत होतं हो, काका. विचारा हवं तर."

"येतंय सगळं. धाक तेवढा नाही बसला."

"मग ओरडायचं होतंत ना माझ्यावर! चार महिन्यांत एकदा तरी आवाज चढवलात?"

 काकांनी परीक्षेच्या अर्जाची घडी घातली आणि सही न करता तो खणात ठेवून दिला.

वहिनींच्या आधी तिघीजणी काकांच्या हाताखाली शिकायला आल्या होत्या, आणि काकांच्या ओरडण्यापायी तिघीही आठवड्याच्या आत सोडून गेल्या होत्या.