क्वानताईंचं बेचाळिसावं मरण

यिम मेई-क्वान यांना मी एक्केचाळीस वेळा मारलं आहे. म्हणजे मारणारे दुसरेच असायचे. कुणी तलवारीने मारलं, कुणी क्षयाने, एकदा तर डोक्यात नारळ पडून त्या गेल्या. पण सुरा बोथट आहे ना, रक्त गोड लागतंय ना, शवपेटीत आतून खिळा राहिलेला नाही ना, हे बघायचं काम माझं. हाँगकाँगच्या स्टुडिओंत छप्पन्न वर्षं मी सामान सांभाळतोय. सगळे मला केईकाका म्हणतात, क्वानताई नुसतं केई म्हणतात.

आमच्याकडे रिवाज आहे. पडद्यावर जो मेला, किंवा ज्याचा फोटो मेलेल्याचा म्हणून भिंतीवर लागला, त्याच्या हातात शॉट संपताच लाल पाकीट ठेवायचं. आत थोडे पैसे आणि एक गोड गोळी. गोळी तिथल्या तिथे तोंडात टाकायची, पैसे सूर्य मावळायच्या आत उडवून टाकायचे. घरी नेले तर खोटं मरणही मागोमाग घरी येतं म्हणतात. क्वानताई त्या पैशांचा सगळ्या युनिटला चहा पाजायच्या. एरवी त्यांचा हात फार आखडता. त्यामुळे आज क्वानताई मरणार आहेत असं कळलं, की लाईटवाले सकाळपासून खुशीत असायचे.

सतराव्या वर्षी त्या तारेला लटकून तलवार फिरवत सिनेमात आल्या. बांबूच्या शेंड्यांवरून उडणारी ही मुलगी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघायला घाबरायची. तलवारींचा बाजार उठला तेव्हा त्या विगच्या कारखान्यातली गाणारी कामगार झाल्या, मग रडणारी विधवा. मग भुतांची लाट आली आणि त्यांनी तीन वर्षं पांढऱ्या झग्यात काढली. पुढे जुगाराच्या अड्ड्याची मालकीणही झाल्या, आणि शपथेवर सांगतो, त्यांना पत्ते नीट पिसताही येत नाहीत. चाळिशी लागली त्याच आठवड्यात त्यांना आईची भूमिका आली. हिरो त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. त्याच्यासाठी त्यांनी चाकू अंगावर घेतला आणि त्या वर्षीचं बक्षीसही घेतलं.

समीक्षक दरवेळी लिहायचे की यिम मेई-क्वान यांचा पुनर्जन्म झाला आहे. त्याआधी मरावं लागतं, ते खातं माझ्याकडे, पण माझं नाव कुणी छापलं नाही. पन्नाशीनंतर त्या मालिकांतली आजी झाल्या आणि पासष्टीनंतर नुसता फोटो. फोटो एकच, मीच काढलेला, काळा-पांढरा. निर्मात्यांना तो फार सोयीचा. फोटोला जेवण लागत नाही आणि तो संवाद बदलून मागत नाही.

यंदा हेई-मान नावाची तिशीतली दिग्दर्शिका संहिता घेऊन त्यांच्या घरी गेली. बहात्तर वर्षांची एक बाई नवऱ्याच्या माघारी त्याची मिनीबस स्वतः चालवायला घेते, अशी गोष्ट. क्वानताईंनी आधी शेवटचं पान उघडलं, मग मला फोन केला.

"केई, बाई मरत नाही. शेवटच्या पानावर गाडी चालवतेय."

त्यांचा आवाज कापत होता. एवढ्या वर्षांत कॅमेरा बंद असताना मी तो कापलेला ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या एका निवृत्त ड्रायव्हरकडे क्लच-गिअर शिकायला जाऊ लागल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी त्याच्या फाटकाची दोनदा नासधूस केली. असं वेड त्यांनी तलवारीचंही घेतलं नव्हतं.

पैसा लावणार होते टोंग साहेब. त्यांना गोष्ट आवडली होती, फक्त क्वानताई नको होत्या. लोकांना ही बाई आठवते तरी का, असं ते ज्याला त्याला विचारत फिरायचे. त्यांच्या मनात पन्नाशीची एक नटी होती, सुरकुत्या चिकटवलेली. शेवटी ते म्हणाले की रविवारी क्वानताईंना जीवनगौरव मिळतोय, तिथली हवा बघू आणि मग सांगू.

जीवनगौरव दुपारी तीनला होता. संध्याकाळ जिवंतांच्या बक्षिसांसाठी राखून ठेवलेली असते. सभागृहात आठशे माणसं होती, मी टोंग साहेबांच्या बरोबर मागे बसलो होतो. दिवे मंद झाले आणि क्वानताईंच्या कारकिर्दीची फिल्म सुरू झाली. आयोजकांच्या एडिटरला सांगितलं होतं की सगळ्यांत हृदयस्पर्शी प्रसंग निवड. त्याने मनापासून काम केलं होतं. सात मिनिटांत क्वानताई तेवीस वेळा मेल्या. नारळाच्या वेळी कुणीतरी खुदकन हसलं तेवढंच. शेवटी मी काढलेला तो काळा-पांढरा फोटो पडदाभर आला, भोवती पांढऱ्या शेवंतीची महिरप, खाली नाव, जन्माचं साल, आणि सालापुढे एक छोटीशी रेघ. मागे बासरी.

असा फोटो दिसला की काय करायचं हे आमच्या माणसांना शिकवावं लागत नाही. आठशे माणसं उभी राहिली. अध्यक्ष कमरेत वाकले, मग सगळे वाकले. एकदा, दोनदा, तीनदा, अंत्यविधीला वाकतात तसे. टोंग साहेब सगळ्यांत खाली गेले. खोटं कशाला बोलू, मीही एकदा वाकलो, आणि भानावर आलो तेव्हा मला माझीच लाज वाटली. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, कधी गेल्या हो? मी म्हटलं, गेल्या नाहीत, विंगेत खुर्चीवर बसल्यात.

टोंग साहेब ताठ झाले आणि बाजूच्या माणसाच्या कानाशी लागले. "बरं झालं, सही केली नव्हती."

मग क्वानताई आल्या. वाकलेली माणसं घाईघाईने खुर्च्या शोधू लागली. अध्यक्षांनी काचेची ट्रॉफी पुढे केली. ताईंनी ती घेतली नाही, माईक घेतला.

"माझं पाकीट कुठंय?"

अध्यक्षांना कळेना. ते पुन्हा ट्रॉफीच पुढे करू लागले.

"ती नंतर. आत्ता तुम्ही माझा फोटो लावलात, फुलं लावलीत, तीनदा वाकून मला वाटेला लावलंत. आणि हात रिकामा? एक्केचाळीस वेळा मेले मी, इतकी कंजूष कंपनी नाही पाहिली."

मागच्या रांगांतले म्हातारे स्टंटवाले खुर्च्यांचे हात बडवायला लागले. अध्यक्षांनी सगळे खिसे चाचपले. हल्ली रोख पैसे कुणाकडे असतात? त्यांनी फोन काढला आणि हळूच विचारलं की यावर पाठवलं तर चालेल का.

"आणि गोळी? तीही त्यातूनच पाठवणार?"

माझ्या आतल्या खिशात पाकीट कायम असतं. मी उठायला लागलो तर ताईंनी स्टेजवरून बारीकशी मान हलवली. मी बसलो.

"टोंग साहेब, सगळ्यांत खाली तुम्ही वाकलात, विंगेतून दिसलं मला," त्या म्हणाल्या. "तुम्हीच द्या."

टोंग साहेबांचा चेहरा पाकिटाच्या रंगाचा झाला. मी माझं पाकीट मागून त्यांच्या हातात सरकवलं. त्यांनी स्टेजवर जाऊन ते दोन्ही हातांनी दिलं. ताईंनी ते फाडलं, गोळीचा कागद माईकसमोर चुरचुर करत सोडवला, गोळी तोंडात टाकली आणि सावकाश चघळली. आठशे माणसं त्यांचा गाल बघत होती.

"झाले जिवंत. आता साहेबांनी सांगावं, शूटिंग कधीपासून."

टोंग साहेबांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांकडे पाहिलं. मग दातांच्या कवळीसकट हसले.

"पुढच्या सोमवारपासून. क्वानताईंशिवाय दुसरं कुणी आमच्या डोक्यातही नव्हतं."

इतका सहज अभिनय मी या वर्षात दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. ट्रॉफी खरं तर त्यांनाच द्यायला हवी होती. पाकिटातले पैसे आम्ही समोरच्या चहाच्या दुकानात ऊन असतानाच संपवले.

शूटिंग एकतीस दिवस चाललं. त्यात टोंग साहेबांचे चार निरोप आले, की बाई शेवटी झोपेत शांतपणे गेली तर बघा, परदेशातल्या महोत्सवांना ते आवडतं. हेई-मानने एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही. शेवटचा शॉट साई कुंगच्या घाटात, सकाळी. ताई स्टिअरिंगवर, खरा ड्रायव्हर घामाघूम होऊन सीटमागे दडलेला. दुसऱ्या गिअरमध्ये त्यांनी अख्खं वळण घेतलं. कट झाल्यावर टाळ्या पडल्या.

ताई खाली उतरल्या, सरळ माझ्यापाशी आल्या आणि हात पुढे केला.

"आज नाही," मी म्हणालो. "आज तुम्ही मेला नाहीत, ताई."

हात तसाच राहिला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. ग्लिसरीनची बाटली माझ्याकडेच असते आणि तिचं बूच लावलेलं होतं. लाईटवाले चहाची वाट बघत उभे होते.

"मग आज तू पाज," त्या म्हणाल्या.

बेचाळीस मरणांचा चहा मी फुकट प्यायलो होतो. मी खिशात हात घातला, लाल पाकीट हाताला लागलं. ते तसंच राहू दिलं आणि दुसऱ्या खिशातून पैसे काढले.