कराराचा बटाटा

“कुठल्या कॉलेजचं नाव लिहिलंय पोरीनं?” बटाटे काढायच्या यंत्राखालून रेनोचा आवाज आला. मला दिसत होते ते फक्त त्याचे बूट.

“इथलंच. चाळीस मिनिटांवरचं.”

“मग चांगलंय की! तू कशाला तोंड पाडून आलीस?”

“तिला तिथं जायचं नाहीये, रेनो.”

पान्याचा आवाज थांबला.

रेनो व्हायोलेट म्हणजे आमच्या खोऱ्याचा यंत्रांचा वैद्य. नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे अमेरिकेतलं आमचं मेन राज्य आणि मधे नुसते बटाटे. सप्टेंबरात काढणीसाठी शाळासुद्धा तीन आठवडे बंद. त्या दिवसांत ज्याच्याखाली रेनो आडवा झाला नाही असं यंत्र इथं सापडायचं नाही. रस्त्यावरून नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते तो सांगायचा. बायको वारल्यापासून घरात दोघंच, तो आणि त्याची मुलगी जोसलिन.

मी शाळेत मुलांना कॉलेजचा सल्ला द्यायचे. वीस वर्षांत माझा सल्ला खरं तर एकच होता: दुरून डोंगर साजरे, जवळचं कॉलेज गाठा. पण जोसलिनला यंत्रं बनवायला शिकायचं होतं आणि ते कॉलेज होतं पार बोस्टनकडे. त्यांच्याकडे लवकर अर्ज करायची सोय होती. एक नोव्हेंबरच्या आत अर्ज टाकला तर तो आधी बघणार. मात्र अट अशी, की त्यांनी घेतलं तर जायचंच, बाकीची दारं बंद. जोसलिननं माझ्याकडून दोन्ही कॉलेजांचे फॉर्म नेले होते आणि भरला फक्त जवळचा. शनिवारी मुदत संपत होती.

मी हे सगळं सांगितलं तसा रेनो सरपटत बाहेर आला. “म्हणजे कराराचा बटाटा!”

“काय?”

“अगं, चिप्सवाल्याशी पेरणीआधीच सही करतो की आपण. मग बाजार कितीही चढू दे, माल त्याचाच. पण तोही आपला माल आधी उचलतो. बोस्टनचं तसं, आणि इथलं म्हणजे खुला बाजार. बरोबर?”

इतकं सोपं करून मी कुठल्याच आईबापाला सांगू शकले नव्हते.

“मग अडलंय कुठं?”

“तू एकटा पडशील म्हणते.”

एवढ्यात जोसलिनच शेडमधून आली. डोक्यावर वेल्डिंगचा मुखवटा, काखेत यंत्राचं जाडजूड पुस्तक. “बाई, माझं ठरलंय. पापांच्या डोक्यात उगाच काही भरवू नका.”

“करार कर,” रेनो म्हणाला.

“पापा, मी का करत नाही ते तुम्हाला माहितेय.”

“माहितेय ना. तुझं वेल्डिंग वाकडं येतं, तिथं हसतील म्हणून.”

“वाकडं? गेल्या वर्षी जोडलेला दांडा अजून टिकलाय!”

“त्या दांड्याचं नशीब.”

ती हसली नाही. चोरून माझ्याकडे बघत तिनं पुस्तकावर हात ठेवला. “मग हे कोण...” म्हणाली आणि गप्प झाली.

रेनोनं टोपी काढली. “अडखळतेस कशाला? हे कोण वाचून दाखवणार, असंच ना?” मग तो माझ्याकडे वळला. “आल्बर्टीन, मला वाचता येत नाही.”

आम्ही एका बाकावरचे. खोऱ्यात घरोघरी फ्रेंच, शाळेत इंग्रजी, आणि शाळेत फ्रेंच शब्द तोंडातून गेला की शिक्षा. माझी जीभ शहाणी होती, रेनोची घसरायची. ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ हे वाक्य शंभर शंभर वेळा लिहून चौथीत त्यानं शाळाच सोडली. पुढं चष्मा विसरलो, हात बरबटलेत, पोरगी बघेल, असं म्हणत त्यानं चाळीस वर्षं निभावली, आणि मला पत्ता नव्हता.

“सही सोडली तर तेवढं एक वाक्य येतं लिहायला,” तो म्हणाला. “तुमच्या शाळेची कृपा.”

मला फार लाज वाटली. त्याला नाही वाटली. लेकीच्या पायातली बेडी निघावी म्हणून भर दुपारी अंगणात उभं राहून त्यानं जन्मभर झाकलेलं उघडं केलं होतं.

“झालं, बाईलाही कळलं,” तो जोसलिनला म्हणाला. “आता ही शिकवेल मला. काय गं?”

“शिकवीन.”

“नुसतं तोंडानं नको. त्या बोस्टनच्या कागदावर सह्या कुणाकुणाच्या लागतात?”

“मुलीची, पालकाची... आणि शाळेतर्फे माझी.”

“मग तूही करारात आलीस. कर सही.”

जोसलिन रडत रडत बोस्टनचा फॉर्म घेऊन आली. तिनं तो भरून सही केली, मग मी केली. रेनोनं हात पुसून केली, तरी कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ठसा उमटलाच. मी बोस्टनचाच दुसरा कोरा फॉर्म देऊ लागले.

“राहू दे,” तो म्हणाला. “माल कुठल्या शेतातला आहे ते कळू दे त्यांना.”

शुक्रवारी सकाळी अर्ज पोस्टात पडला.

तेव्हापासून दर मंगळवारी शाळा सुटली की रेनो माझ्या वर्गात यायचा. इमारत आमच्या लहानपणचीच. पोरांच्या बाकात गुडघे मावायचे नाहीत. आणि बाहेर माझ्याशी फ्रेंचमध्ये भांडणारा हा माणूस शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवलं की जपून, मोजून इंग्रजी बोलायचा. मी एकदा हटकलं, तर म्हणाला, “सवय.”

डिसेंबरच्या मधल्या मंगळवारी धडा चालू असतानाच जोसलिन बर्फानं माखलेले बूट आपटत आत आली. हातात जाड लिफाफा, फोडलेला नाही. तिनं तो बापापुढं ठेवला.

“तुम्ही वाचा.”

रेनोनं लिफाफा फोडला. पहिल्याच इंग्रजी शब्दाखाली त्याचं बोट अडलं. “केवढा लांबलचक शब्द आहे हा!”

“थोडा थोडा तोडून वाचा,” मी म्हटलं.

एकेक तुकडा लावत तो पुढं सरकला, पुन्हा मागं आला, आणि अखेर सगळं जोडून मोठ्यानं म्हणाला, “अभिनंदन!”

जोसलिन किंचाळली. रेनो बाकासकट उठला, धाडकन दार उघडलं आणि व्हरांड्यातून ओरडत सुटला, “घेतलं! माझ्या पोरीला घेतलं!” अस्सल आमच्या खोऱ्याच्या फ्रेंचमध्ये. दोन्ही बाजूंची दारं उघडली, मागं थांबलेल्या शिक्षकांची डोकी बाहेर आली.

तसा तो एकदम थांबला. हात तोंडावर गेला, आणि चौथीतल्या पोरासारखं त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.

“अजून मोठ्यानं, रेनो,” मी फ्रेंचमध्येच ओरडले.