बटाट्याचा रक्तदाब

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर दिवेवाले बाबा हातातली पाटी नाचवत गर्जत होते, "यंत्रावर बोट टेकवा! दिवा लागला की रोग गेला!" पाटीवर तांब्याच्या नागमोडी रेघा आणि कडेला कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. देवलिपी म्हणे! विचारणार कोण?

तिसऱ्या रांगेत रेडिओ दुरुस्त करणारी बाई धुसफुसत होती. घरच्या घरी सर्किटच्या पाट्या करण्यात तिची वीस वर्षं गेलेली. शेजारी तिची ताई. पंधरा दिवसांपूर्वी ताईचा दिवा लागला आणि तिने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. आज सकाळी तिला जिन्यात भोवळ आली होती.

"ताई, डॉक्टरांकडे चल गं."

"रोग बाहेर पडताना त्रास व्हायचाच. बाबा म्हणालेत."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक मंचावर चढली आणि पाटीवर कोरडं बोट टेकवलं. दिवा ढिम्म.

"अंगभर रोग!" बाबा खूश. "मंत्रजलात बोट बुडवा!"

बुडवलं. दिवा लख्ख! टाळ्यांचा कडकडाट.

"आता माझा पेशंट," म्हणत तिने पर्समधल्या डब्यातून मुद्दाम आणलेली कच्च्या बटाट्याची फोड काढून टेकवली. दिवा लख्ख. "अभिनंदन! बटाट्याचा रक्तदाब उतरला!"

"भाजीतही प्राण असतो!" बाबा गडबडले.

"आणि फरशीच्या ओल्या फडक्यात?" तिने मंचाच्या कोपऱ्यातलं फडकं उचलून टेकवलं. पुन्हा लख्ख.

"या दोन रेघांमध्ये बारीक फट आहे," ती लोकांना म्हणाली. "ओलं काहीही टेकलं की किंचित वीज पलीकडे जाते, मागचा ट्रान्झिस्टर ती वाढवतो, दिवा लागतो. राहिली देवलिपी. सर्किटचा नकाशा कागदावर उलटा छापून इस्त्रीने तांब्यावर उतरवायचा असतो. हे सुलटाच छापून बसले, म्हणून पाटीवर अक्षरं उलटी उमटली!" तिने पर्समधला आरसा पाटीसमोर धरला. "ताई, ये, वाच."

ताईने चष्मा सावरला. "बॅटरी... नऊ व्होल्ट."

सभागृह खो खो हसलं. ताई हसली नाही. "म्हणजे माझा रोग?"

"होता तिथेच आहे. चल."

दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि दुसऱ्यांदा मोजलं. "आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं," ते म्हणाले.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तपासून पाहा, प्रश्न विचारा. खरं असेल ते प्रश्नाने मोडत नाही.

ताई धाकटीकडे वळली. "अगं, मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की, ताई. तू टाळ्या वाजवत होतीस."