उगवतीकडची साल

चाकाहुआच्या खाडीकाठी कुणाची जखम चिघळली की पावलं आपोआप चेंचामावशीच्या घराकडे वळायची. तांबड्या खारफुटीच्या सालीचा तिचा काढा अख्ख्या खाडीत नावाजलेला, पण तो कसा करायचा हे तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आईने मरताना तिच्या कानात सांगितलं होतं आणि बजावलंही होतं की, पुढे एकालाच सांग, दुसऱ्याच्या कानावर गेलं की औषधाचं नुसतं पाणी होतं. मावशी आता एकाहत्तर वर्षांची झाली. पोटी लेकरू नाही, आणि गावातलं एकही माणूस तिच्या पसंतीला उतरेना.

हे कुठून कोण जाणे, शहरातल्या एका औषध कंपनीला कळलं. त्यांचा रेन्तेरिया नावाचा माणूस तिसऱ्यांदा आला तो कराराचा कागद घेऊनच. मावशीच्या ओट्यासमोर गावातल्या बाया मक्याच्या पिठात सारण भरून उकडायच्या शनिवारच्या तामालेससाठी तिचिंदा धूत बसल्या होत्या. खारफुटीच्या मुळांना लगडलेले हे काळे शिंपले म्हणजे चिखल काढता काढता बोटं सोलवटायची.

"मावशी, एकालाच सांगायचं असा तुमचा नियम ना?" रेन्तेरिया म्हणाला. "मग मला सांगा. मी एकटाच तर आहे."

"आणि सांगितल्यावर?"

"काढा कंपनीचा. तुम्ही आराम करायचा, दुसऱ्या कुणासाठी करायचा नाही."

"इथे कुणाचा पाय सडला तर?"

"दुकानात बाटली मिळेल की." मग त्याने आवाज खाली आणला. "तसंही खारफुटी सोलायला बंदी आहे. उद्या कुणी तक्रार केली तर या वयात तुम्हाला कचेरीचे हेलपाटे."

मावशीचं डोकं सणकलं. जन्मभर ती एकाच माणसाला भ्यायली होती, मेलेल्या आईला. हा कालचा इस्त्रीच्या शर्टातला पोरगा तिला तिच्याच ओट्यावर बसून दम देणार?

ती उठली. "बायांनो, हात थांबवा आणि ऐका. साल तांबडीचीच, पांढरीची नाही. ओहोटीला जायचं. उगवतीकडच्या बाजूने तळहाताएवढीच काढायची. बुंध्याभोवती गोल सोललं तर झाड मरतं, आणि मग मी तुम्हाला सोलीन. आतली लाल साल तेवढी ठेचायची. शिजवायची मातीच्या भांड्यात, लोखंडात काळीठिक्कर पडते. तीन वाट्यांची एक वाटी होईतो आटवायचं, गाळायचं, निववायचं, जखम धुवायची. प्यायचं नाही. जखमेची कड काळी पडली किंवा ताप चढला तर माझ्याकडे नाही, दवाखान्यात जायचं. झालं."

बायांनी हातातले शिंपले खाली ठेवले. शेजारची फिला तेवढी पाठ फिरवून शिंपले खरवडत राहिली. डुकराने अंगण उकरल्यावरून दोघींचा नऊ वर्षं अबोला होता.

"हे काय केलंत?" रेन्तेरिया पांढराफटक पडला. "आता याची किंमत शून्य."

"मग घरी जा."

तो गेला तसा मावशीचा राग ओसरला. आईचा शब्द तिने भर चव्हाट्यावर मोडला होता. औषधाचं खरंच पाणी झालं असेल तर गावाकडे आता काहीच उरलं नव्हतं, आणि ते तिच्यामुळे.

आठवड्याने मावशी पाण्यात उतरली असता पाकट माशाने तिच्याच घोट्यावर काटा मारला. दवाखान्यातल्या नर्सने तो काढला, जखम धुऊन पट्टी बांधली, तरी चौथ्या दिवशी घोटा सुजून वाहू लागला. बाया साल घेऊन आल्या आणि चूल पेटवून तिला म्हणाल्या, "चल, तूच शिजव."

"मी शिजवलं तर कळणार काय? माझा हात जुना आहे. फिलाला बोलवा."

फिला दारातच उभी राहिली. "मी कुठे ऐकत होते?"

"पाठ केली होतीस, बहिरी नव्हतीस. कर. पाणी झालं असेल तर माझ्याच पायावर होऊ दे."

फिलाने काढा केला. सकाळ-संध्याकाळ येऊन ती मावशीचा पाय भांडी घासावी तसा धुवायची, आणि एक शब्द बोलायची नाही. मावशी दात आवळून जखमेकडे बघत राहायची. पाचव्या दिवशी पू थांबला. नवव्या दिवशी खपली धरली. मावशीला रडू आलं, आणि लगेच आईचा रागही आला. त्या एका धाकापायी ती पन्नास वर्षं एकटीच राबली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खाडीपलीकडून एक बाई होडीने आली. नवऱ्याच्या मांडीची जखम भरत नव्हती. ओट्यावर बसलेल्या मावशीलाच तिने विचारलं, "चेंचामावशीचं घर कुठलं हो? काढा हवा होता."

"काढा हवा ना? मग चेंचाला कशाला शोधतेस?" मावशी म्हणाली. "कुठल्याही दारात विचार."