बॉनेटखालची छोटी टाकी

विमानातून उतरून तास झाला नव्हता, तोच मिस्त्रींना दारूचा वास आला. तोही जावयाच्या गाडीपाशी.

"बाबा, इथे निम्म्या गाड्या अल्कोहोलवर चालतात," मुलगी हसत म्हणाली. "उसापासून काढतात."

मिस्त्री हसले नाहीत. जिथे गाड्यांना पाजण्याइतकी दारू, तिथे माणसं कोरडी राहत असतील? मुलीला नववा महिना लागला होता. गुडघ्यांमुळे बायकोला येता आलं नव्हतं, पण निघताना तिने बजावलं होतं, "डोळ्यात तेल घालून बघा. जावई पितात का, पोर सुखात आहे का. काही वेडंवाकडं दिसलं तर बाळंतपण आटोपल्यावर तिला घेऊनच या."

मिस्त्री बघू लागले. एक बस टपावर गॅसच्या टाक्या घेऊन फिरत होती. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची व्हॅन तळणीच्या उरलेल्या तेलावर चालायची. तिच्यामागे उभं राहिलं की भूक लागायची. या देशात कुणाच्या पोटात काय आहे ते सांगता येत नाही, असं त्यांचं मत झालं.

जावयाच्या शर्टालाही रोज संध्याकाळी तोच वास. तो म्हणे प्रयोगशाळेत इंधन तपासतो. पिणाऱ्याला याहून चांगली नोकरी कुठली?

मालकाला विचारायचं नाही, गाडीलाच विचारायचं, हा मिस्त्रींचा पस्तीस वर्षांच्या गॅरेजमधला नियम. एका दुपारी जावई चालत कामाला गेलेला पाहून त्यांनी बॉनेट उघडलं. काच धुण्याच्या पाण्याच्या डब्याशेजारी आणखी एक छोटी टाकी होती. झाकण काढून हुंगलं, तर चक्क पेट्रोल!

कुठेतरी पाणी मुरत होतं. गाडी अल्कोहोलवर चालते म्हणून मिरवायचं आणि आत लपवून पेट्रोल ठेवायचं? गाडीबद्दल खोटं बोलणारा बाटलीबद्दल खरं बोलेल? त्यांनी नळीने सगळं पेट्रोल एका रिकाम्या बाटलीत काढलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली गच्चीतल्या कुंड्यांमागे ठेवली. पुरावा हातात असावा. बाळंतपण झालं की जाब विचारू.

चार दिवस ऊन होतं. गाडी एका किल्लीत सुरू व्हायची. त्या पेट्रोलवाचून काहीच अडत नव्हतं. मिस्त्रींचा संशय पक्का झाला.

पाचव्या सकाळी एकाएकी थंडी पडली आणि मुलीला कळा सुरू झाल्या. तिला मागच्या सीटवर बसवून जावयाने किल्ली फिरवली. गाडी नुसतीच घरघरली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"थंडीत अल्कोहोल पेट घेत नाही हो बाबा!" बॉनेट उघडत जावई ओरडला. "म्हणून तर सुरुवातीला घोटभर पेट्रोल लागतं. या टाकीत भरलेलं होतं, गेलं कुठे? टॅक्सीला अर्धा तास लागेल!"

मुलगी कण्हली. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. ते धडपडत गच्चीत गेले आणि बाटली घेऊन आले. जावयाने बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

हाताखालून शेकडो इंजिनं गेलेल्या माणसाने घाईत बाटली वेडीवाकडी कलती केली. निम्मं पेट्रोल टाकीत गेलं, निम्मं त्यांच्या शर्टावर. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली.

"मीच काढलं होतं, जावईबापू," वाटेत ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही फसवताय. तुम्ही पिता, असंही वाटलं."

जावयाने रस्त्यावरची नजर काढली नाही. "आधी पोहोचू," एवढंच म्हणाला.

मुलीने बापाचा हात आवळून धरला होता. कळ ओसरल्यावर ती म्हणाली, "बाबा, एकदा विचारायचं तरी!"

दुपारी नात झाली. नर्स बाळाला घेऊन आजोबांपाशी आली आणि नाक मुरडून थबकली. "पेट्रोलचा वास येतोय तुम्हाला! आधी कपडे बदला, मग बाळ घ्या."

मिस्त्री खाली मान घालून उभे राहिले. जावयाने अंगातला स्वेटर काढून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या, बाबा. शर्ट काढून हा घाला."

सवयीने मिस्त्रींनी स्वेटर नाकाशी नेला. साबणाचा वास होता. जावई बघत होता. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विचारा की," जावई म्हणाला.

"काय विचारू?" शर्ट काढता काढता मिस्त्री म्हणाले. "एवढंच सांगा, बाळ पहिल्यांदा तुम्ही घेणार की मी?"